शाळेसाठी दुर्बीण घेताना

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २७ डिसेंबर २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मागच्या रांगेतून आत्ताच आवाज आला, ‘तांबडा-पांढरा गार व्हायला नको.’ होणार नाही. पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशाशी संबंधित आहे, त्यामुळं ऐकून घ्या. आपण वर्गणी काढली आहे आणि त्यातून शाळेला दुर्बीण द्यायची असं ठरलं आहे. कोणती द्यायची यावर गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर जे काही चाललं आहे ते सर्वांनी वाचलं आहे. काहींना मोठी, मोटरवर चालणारी, बटण दाबलं की आपोआप शनीकडे वळणारी हवी आहे. मी त्याला विरोध केला, म्हणून ‘तूच येऊन सांग’ असा हुकूम झाला.

सुरुवात १९८६ पासूनच करतो. आपली दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी आपल्यापैकी आठ-नऊ जणांना पहाटे तीन वाजता रंकाळ्यावर बोलावलं. हॅलेचा धूमकेतू बघायला. सायकली काढून आपण गेलो. सरांनी कुणाकडून तरी मागून आणलेला बायनॉक्युलर होता. दक्षिणेला, क्षितिजाच्या बरंच वर, कापसाचा पिंजलेला पुंजका असावा तसं काहीतरी दिसलं. खरं सांगायचं तर आपली निराशाच झाली होती. वर्तमानपत्रातल्या चित्रांत लांबलचक शेपूट होती, इथं पुंजका. सर म्हणाले, ‘जे दिसतंय ते बघा, जे छापलंय ते नको.’ पुढच्या चाळीस वर्षांत दुर्बिणीबद्दल मी जे काही शिकलो ते या वाक्यातच होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. आणि न कळल्याची किंमत मी मोजली.

ती अशी. २००७ साली माझी मुलगी नऊ वर्षांची होती. मी मुंबईच्या एका दुकानातून तिच्यासाठी दुर्बीण आणली. खोक्यावर रंगीत तेजोमेघाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’. आरसा ७६ मिलिमीटरचा. तिपाई इतकी हलकी, की दारातून रिक्षा गेली तरी चंद्र थरथरायचा. मी उत्साहानं सगळ्यांत जास्त मोठं दिसणारी जोडणी लावली. पोरगी गच्चीवर अर्धा तास डोळा लावून उभी होती. काळा अंधार, मधूनच एक पांढरा डाग सर्रकन पळायचा, एवढंच. शेवटी ती म्हणाली, ‘बाबा, झालं का?’ त्यानंतर ती दुर्बिणीपाशी आली नाही. आज ती सत्तावीस वर्षांची आहे. मी गुरूचा फोटो पाठवला की ‘छान’ असं उत्तर येतं. वाईट दुर्बीण म्हणजे पैसे वाया, एवढंच नसतं हो. मुलाला वाटतं की आकाशातच काही नाही, किंवा मग आपल्यालाच बघता येत नाही.

आता त्या ५२५ चा हिशेब सांगतो, कारण आजही असली खोकी विकली जातात. दुर्बिणीचं विशालन म्हणजे आरशाचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं नाभीय अंतर. नववी-दहावीत अंतर्गोल आरसा सगळ्यांनी काढला आहे, विसरला असाल तर सर बसले आहेत. माझ्या दुर्बिणीत आरशाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, नेत्रिका ४ मिलिमीटरची. झाले १७५ पट. मध्ये तिप्पट करणारं एक भिंग घातलं, की ५२५. गणित बरोबर, पण बघायला काही शिल्लक राहत नाही. आरसा जेवढ्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुप्पट विशालन ही त्याची हद्द. म्हणजे ७६ ला दीडशेच्या आसपास. त्यापुढं चित्र फक्त फुगतं, अंधुक होतं, नवीन काही दिसत नाही. म्हणून पहिला नियम: खोक्यावर जी दुर्बीण ‘किती पट’ हे सांगते, ती तिथंच ठेवून यायची. विचारायचं ते एकच, आरसा केवढा?

कारण दुर्बिणीचं खरं काम मोठं करून दाखवणं नाही, उजेड गोळा करणं आहे. पावसात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाणी साठतं, तसं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. आपल्या वयाला ५ म्हणू, नाराज होऊ नका. १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची आरसा त्या ५ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा ९०० पट उजेड गोळा करतो. आठ इंची आरसा सहा इंचीच्या पावणेदोन पटींहून थोडा जास्त.

मग आरसाच का, भिंग का नको? भिंगाची दुर्बीण उत्तम असते, पण मोठं निर्दोष भिंग फार महाग. त्याच्या दोन्ही बाजू घासाव्या लागतात, उजेड काचेतून आरपार जातो, त्यामुळं काच आतूनही निर्दोष लागते, आणि स्वस्त भिंगात चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते. आरशाची एकच बाजू नीट झाली की भागतं, आणि रंगांची झालर नाही. न्यूटननं १६६८ साली पहिली परावर्ती दुर्बीण केली ती याच त्रासाला कंटाळून. तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त व्यास हवा असेल तर आरशाला पर्याय नाही.

सहा इंच कमी वाटतात त्यांच्यासाठी सांगतो. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमध्ये बाथ गावात राहणारा संगीताचा मास्तर. त्यानं घरी घासलेल्या, सहा इंचांपेक्षा किंचित मोठ्या आरशातून १३ मार्च १७८१ ला युरेनस शोधला. तोपर्यंत हजारो वर्षं माणसाला माहीत असलेल्या ग्रहांच्या यादीत त्या दिवशी भर पडली. आणि त्याचा आरसा धातूचा होता, आजच्या अॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या काचेपेक्षा कितीतरी कमी उजेड परत देणारा.

आता बैठकीबद्दल, कारण आपलं भांडण खरं तिथंच आहे. नवशिक्या माणसाचा सगळा जीव नळीत अडकतो. मी उलट सांगतो, आधी बैठक बघा. जॉन डॉब्सन नावाचा एक माणूस होऊन गेला. जन्म १९१५ चा, पेकिंगचा. १९४४ साली तो अमेरिकेत वेदांत सोसायटीत, म्हणजे आपल्या रामकृष्ण-विवेकानंद परंपरेतल्या मठात, संन्यासी म्हणून दाखल झाला. खिशात पैसा नाही, पण लोकांना आकाश दाखवायची ओढ. जहाजाच्या खिडकीची टाकाऊ जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, आणि खाली लाकडाची फिरती पेटी. तोफेच्या गाड्यासारखी: डावी-उजवीकडे फिरते, वर-खाली होते, बास. रात्री दुर्बीण ओढत रस्त्यावर न्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. या बाहेरख्यालीपणामुळं, म्हणजे आकाशाच्या, १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. त्या पेटीला आज जगभर डॉब्सोनियन म्हणतात. पेटंट त्यानं घेतलं नाही.

दुसरी बैठक म्हणजे विषुववृत्तीय. तिचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, की एकाच चाकानं ताऱ्यामागे जाता येतं. फोटो काढायचे तर तीच लागते. पण कोल्हापूर सुमारे पावणेसतरा अंशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून धरलेल्या एका विताहूनही कमी. आपल्या शाळेच्या उत्तरेला आता चार मजली इमारत उभी आहे. ध्रुवताराच दिसत नाही तिथं अक्ष कुठं रोखणार? शिवाय परावर्ती दुर्बिणीत डोळा नळीच्या वरच्या टोकाला बाजूनं लावायचा असतो. विषुववृत्तीय बैठकीवर नळी फिरली की ती नेत्रिका कधी पोटाखाली जाते, कधी डोक्यावर. सहावीचं पोरगं तिथं लोंबकळणार.

आणि मोटरची? ती चांगली असते, मी नाकारत नाही. पण तिला दर वेळी दोन-तीन तारे ओळखून दाखवावे लागतात, मगच ती शहाणी होते. म्हणजे ज्याला तारे ओळखता येत नाहीत त्याच्या ती उपयोगाची नाही, आणि ज्याला येतात त्याला तिची फारशी गरज नाही. बॅटरी, वायरी, छोटा रिमोट, यातलं एक बिघडलं की दुर्बीण बंद. पेटीला बिघडायला काही नाहीच. आपल्या उद्यमनगरात कुणीही सुतार ती नवीन करून देईल.

हे मी हवेत बोलत नाही. त्या ५२५ पटीच्या फजितीनंतर दोन-तीन वर्षांनी मी पुण्यात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळेला गेलो आणि सहा इंची आरसा हातानं घासला. दोन काचेच्या चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची चकती पुढं-मागं करत, थोडी फिरवत राहायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. मग बारीक पूड, आणखी बारीक, शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडनं चकाकी. आमच्या कारखान्यात आम्ही १० मायक्रॉनचं काम केलं की कॉलर ताठ करतो. त्या आरशाला ०.०७ मायक्रॉनच्या आसपासची अचूकता लागते, आणि ती हातानं येते! तपासायला लागतो काय, तर एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही युक्ती. पात्याची सावली आरशावर सरकताना टेकडी-खड्डे असे दिसतात, की पन्हाळ्यावरून खाली बघितल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणत नाही, तयार घेतलेली दुर्बीणही चालते. पण घासलेल्या माणसाला आरशाची किंमत कळते.

तयार घेताना काय बघायचं तेवढं सांगतो. आरसा अन्वस्ताकार आहे का, हे स्पष्ट विचारा. नळी लांब असेल तर गोलाकार आरसाही निभावून जातो, आखूड नळीत नाही. दुसरं, एक फसवणूक ओळखायला सोपी आहे. साध्या परावर्ती दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराएवढी, थोडी इकडं-तिकडं. पाटीवर ‘११४ मि.मी., नाभीय अंतर १००० मि.मी.’ लिहिलंय आणि नळी हातभरच आहे, असं दिसलं तर आत कुठं तरी एक भिंग दडवून अंतर वाढवलेलं आहे. स्वस्त दुर्बिणीत ते भिंग बहुतेक वेळा सुमार असतं, आणि आरशांची जुळणी करताना घाम फोडतं. सोडून द्या. नेत्रिका सव्वा इंची तोंडाच्या असाव्यात, म्हणजे पुढं दुसऱ्या घेता येतात. दोन पुरतात. १२०० नाभीय अंतराच्या सहा इंचीला २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट देते आणि १० ची १२० पट. निम्म्याहून जास्त वेळ ४८ चीच वापराल. किमती मी सांगत नाही, स्मरणिका छापून येईपर्यंत त्या बदललेल्या असतील.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही. काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावायची काळी काच येते. ती उन्हानं तापून तडकते, आणि पुढचा क्षण डोळ्याचा शेवटचा असतो. असली काच मिळाली तर घरी आल्या आल्या हातोडीनं फोडा. दिवसा दुर्बीण वर्गाबाहेर काढायचीच नाही असा नियम करा.

सांभाळायचं कसं, हा कोल्हापूरचा खास प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर आपल्याला आकाश नाही. म्हणून मे महिन्यात दुर्बीण घेऊ नका, पोरांचा उत्साह पावसात भिजतो. दसऱ्याला घ्या. पावसाळ्यात ती बंद कपाटात कोंडली तर आरशावर बुरशी येते. कोरड्या खोलीत, दोन्ही टोकांना झाकण, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी अधूनमधून गरम करून वाळवायची. आरशावर धूळ बसली तर बसू दे, फडक्यानं पुसायची नाही. लेप ओरखडतो. अगदीच गरज पडली तर आरसा काढून ऊर्ध्वपातित पाण्यानं हलकेच धुवायचा, दोन-तीन वर्षांतून एकदा. आरशांची जुळणी मात्र वरचेवर बघावी लागते. एखादा तारा मुद्दाम थोडा अस्पष्ट करायचा, तो मेदूवड्यासारखा दिसतो. भोक बरोबर मधोमध असेल तर जुळणी ठीक. एका बाजूला गेलं असेल तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. आठवीतली मुलगी हे शिकू शकते, मी शिकवून बघितलं आहे.

बघायला बसायच्या आधी अर्धा-पाऊण तास दुर्बीण बाहेर ठेवायची, आरसा हवेइतका गार झाला की चित्र स्थिर होतं. ऊस पेटवला असेल, गुऱ्हाळाचा धूर असेल, तर त्या दिवशी चंद्रावर समाधान मानायचं. आणि वर्षातून दोनदा तरी मुलांना मसाई पठारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला न्यायचं. १९८६ चा काळोख आता रंकाळ्यावर नाही.

आपल्या गावाचा एक फायदाही आहे. ओमेगा सेंटॉरी नावाचा लाखो ताऱ्यांचा गुच्छ युरोपातल्या बहुतेक देशांतून दिसतच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या रात्री तो दक्षिणेला २५-२६ अंश वर येतो. सहा इंचीतून रांगोळी सांडल्यासारखा दिसतो. बाकी चंद्राची विवरं, गुरूचे पट्टे आणि चार उपग्रह, मृगातला तेजोमेघ, देवयानी. रंग नाहीत. तेजोमेघ करडा दिसतो. हे मुलांना आधीच सांगायचं, नाहीतर खोक्यावरच्या चित्राशी तुलना करून तीही ‘झालं का?’ म्हणतील.

आता जे बोलायचं मी टाळत होतो ते. मागच्या महिन्यात मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. तिथं एक दुर्बीण आधीच आहे. आपल्या आधीच्या कुणी तरी दिलेली. नळीवर देणगीदारांची पितळी पाटी चकचकीत आहे. नेत्रिका नाही. आरशावर बुरशीचं जाळं. शिपाईमामा म्हणाले, ‘फोटो काढला त्या दिवशी बाहेर आली होती.’ दोष शाळेचा नाही. विज्ञानाच्या एकाच बाईंकडे सहा वर्ग आहेत. देणारे पाटी लावून गेले, परत आले नाहीत, आणि ती चालवायची कशी हे कुणाला शिकवलं नाही.

हे मोठमोठ्या ठिकाणीही झालं आहे. पुण्यात सायन्स कॉलेजात, आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून एक वेधशाळा उभी राहिली होती. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी ती चालवली. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते करमाळ्याजवळ जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. एक माणूस निघाला आणि पुण्यातून दुर्बीण निघाली. तिथं हे झालं, तर आपल्या कपाटाचं काय?

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, तुम्ही मतदान करा. एक मोठी मोटरवाली नको. एक सहा इंची डॉब्सोनियन. एक १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची लहान, जी विद्यार्थी शनिवार-रविवार घरी नेऊ शकेल, वहीत सही करून. आणि १०×५० चे दोन बायनॉक्युलर. आठ इंची घ्यायची इच्छा मलाही होते, पण ती वीस किलोच्या पुढं जाते आणि प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. उचलायची म्हटलं की बाहेर येणार नाही. उरलेल्या पैशातून त्या जुन्या दुर्बिणीच्या आरशाला नवा लेप देऊ, नेत्रिका आणू. ती पाटी काढायची नाही. आणि आपल्यापैकी तीन जणांनी वर्षभर, महिन्यातून एका शुक्रवारी, संध्याकाळी इथं यायचं. नावं मी आज रात्री लिहून घेणार आहे. पहिलं माझं आहे. दोन नावं मिळाली नाहीत तर माझ्या मते दुर्बीण देऊच नये, वाचनालयाला पुस्तकं देऊ.

जयंत नारळीकर यंदा मे महिन्यात गेले. त्यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या कोल्हापूरचा. आणि दर वर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळत्या सूर्याचे किरण अंबाबाईच्या पायाशी येतात की नाही हे बघायला गाव गर्दी करतं. आकाश बघायची सवय या गावाला नाही असं कुणी म्हणू नये.

हॅले आता परतीच्या वाटेवर आहे. २०२३ च्या डिसेंबरात तो सूर्यापासून सर्वांत दूर होता, तिथून वळला. २०६१ ला येईल. आपण तेव्हा नव्वदीच्या पुढं असू. आज सहावीत असलेलं पोरगं मात्र पन्नाशीच्या आत असेल.

माझी सहा इंची मी आणली आहे, संध्याकाळपासून मैदानात गार होते आहे. अर्धा चंद्र डोक्यावर आहे, त्याच्या थोडं पश्चिमेला शनी. कडी यंदा मार्चमध्ये आपल्याकडे धारेवर आली होती, अजूनही बारीक रेघच दिसते. तक्रार माझ्याकडे करू नका, २०३२ च्या सुमाराला ती पूर्ण उघडी दिसेल. नऊपर्यंत पूर्वेला गुरूही चांगला वर येईल. सर, तुम्ही आधी चला, मी हात धरतो, पायरीपाशी अंधार आहे. बाकीच्यांनी जेवून आलात तरी चालेल, फक्त रस्सा लागलेले हात नळीला लावू नका.